आठवी 'ब'ची प्लेग-तपासणी

सदाशिव पेठ, पुणे ३०
सोमवार, १८ जुलै १९९४

प्रिय हमीदा,

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि उत्तर आज देते आहे. मी मेलेली नाही, शाळा सुरू झाली आहे. आपलीच शाळा, तोच जिना, तीच गळकी टाकी. फरक एवढाच की तेव्हा आपण बाकावर बसून झोपायचो, आणि आता मी टेबलाशी उभी राहून पन्नास मुलींना झोपवते.

यंदा ते बंद. आठवी 'ब'ला पुण्याचा इतिहास पुस्तकातून शिकवायचा नाही, करून शिकवायचा असं ठरवलं आहे. पोशाख घालून, हाताने, पायाने. विषय १८९७ चा प्लेग. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मंदाकिनीबाई, प्लेग कशाला? एखादा राज्याभिषेक घ्या, पालकांना फोटो काढता येतात." मी म्हटलं, राज्याभिषेकात सिंहासन एकच असतं, उरलेल्या एकोणपन्नास जणी काय अक्षता टाकणार? प्लेगात सगळ्यांना काम आहे.

वर्गाच्या पेठा पाडायच्या. चिठ्ठ्या टाकून कुणी घरवाले, कुणी रोगी, कुणी गोरे सोजीर, कुणी खबऱ्या. घरवाल्यांनी रोगी लपवायचा, खबऱ्यांनी सांगायचं, सोजिरांनी शोधायचा. सापडला की दारावर गेरूचा गोल आणि अख्खं घर मैदानावरच्या छावणीत. खबऱ्या व्हायला मात्र एकही मुलगी तयार नाही. पुण्याचं नाव राखलं म्हणायचं.

पोशाखांसाठी काल सगळा वर्ग घेऊन तुझ्या भावाच्या, मेहबूबच्या ड्रेपरीत गेले होते, मापं द्यायला. तो म्हणाला, "बाई, सोजीर हवे तर बँडपार्टीचे लाल डगले आहेत, पितळी बटणांचे. इंग्रज काय येतोय तपासायला?" घेतले. मुलींनी दुकान उलथंपालथं केलं, पोटमाळ्यापर्यंत चढल्या. त्याने सगळ्यांना गोळ्या वाटल्या. दुकानदार असून त्याला दुकानदारी येत नाही.

तुमचं घराणं तेव्हाही गुरुवार पेठेतच होतं ना? घरात काही ऐकलेलं असेल तर लिही. पुस्तकातला प्लेग सगळ्यांकडे असतो. मला अस्सल साधनं हवीत.

सकीनाला आशीर्वाद.

तुझी,
मंदा

*

सुरत
१ ऑगस्ट १९९४

प्रिय मंदा,

प्लेगातले सोजीर खाकीत होते, असं आपल्याला ज्या बाईंनी शिकवलं त्या वर बसून तुझे लाल डगले बघत असतील. असो. लग्नाच्या वरातीतून प्लेग येतो, हेही मुलींना कळलेलं बरं.

घरात ऐकलेलं विचारतेस, तर एक आहे. आमच्याकडे ते हसून सांगत नाहीत. माझ्या पणजीला ताप आला म्हणून तिला कपड्यांच्या पेटाऱ्यामागे लपवलं होतं. सोजिरांबरोबर आपल्यातलाच एक माणूस असायचा. तो माणसं मोजायचा नाही, उंबऱ्यातल्या वहाणा मोजायचा. घरात चौघं म्हणून सांगितलं आणि वहाणा निघाल्या पाच जोड. पणजीला छावणीत नेली. ती परत आली नाही.

म्हणून आमच्या घरात कुणी आजारी पडलं की आधी चपला आत घेतात, मग वैद्य बोलावतात. मी सुरतेला येऊन तेच करते. सासू होती तोवर हसायची. शिकलेली बाई आणि हे काय, म्हणायची. शिकलेलीच म्हणून करते, असं मी मनात म्हणायचे.

ही गोष्ट हवी तर वापर. पण मुलींना शोधायला शिकवते आहेस, तसं लपवायलाही नीट शिकव.

सकीना अकरावीत गेली. जरीची रिळं भरताना पाठ्यपुस्तक मांडीवर ठेवते आणि दोन्हींत चुका करते. अंगाने काडी. आठ वर्षांनी झालेली एकुलती, त्यामुळे मी तिची आई कमी आणि पहारेकरी जास्त आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन येईन, पुण्यातलं कॉलेज बघायचं म्हणते.

हमीदा

*

सदाशिव पेठ
सोमवार, २२ ऑगस्ट

प्रिय हमीदा,

तुझ्या पणजीने कमाल केली.

शनिवारी प्रयोग झाला. दोन तास, पहिला मजला पूर्ण आमच्या ताब्यात. लाल डगल्यांच्या बाह्या तीन घड्या घालून वर केलेल्या, डोक्यावर पुठ्ठ्याच्या टोप्या. दारात उभं राहायचं, तोंडाला रुमाल, आणि विचारायचं, "घरात माणसं किती?" मग वहाणा मोजायच्या. पहिल्या फेरीत रोगी अकरा मिनिटांत सापडला. दुसऱ्या फेरीत घरवाल्या शहाण्या झाल्या. त्यांनी रोग्याच्या चपला दप्तरात घातल्या, एका घराने तर सगळ्यांच्याच. मी म्हटलं, आता सोजीर फसले. तर माझी वर्गप्रमुख काय म्हणाली माहीत आहे? "ज्या दारात चपलाच नाहीत, तिथे आधी शोधा."

हे मी शिकवलं नव्हतं. वीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच एका मुलीने मी न सांगितलेली गोष्ट काढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

छावणीत पाऊण तास उन्हात बसवल्यावर एकजण रडायला लागली. बाई, घरी जायचंय, म्हणाली. मी म्हटलं, त्यांनाही जायचं होतं. एवढं एक वाक्य तिला जन्मभर पुरेल. शिक्षण खात्याचे साहेब आले होते. त्यांनी टिपणवहीत काहीतरी लिहिलं आणि जाताना चक्क माझं नाव विचारलं.

आणि गंमत म्हणजे, आता सगळ्यांना खबऱ्या व्हायचं आहे. त्या चिठ्ठीवरून वर्गात मारामाऱ्या चालल्या आहेत.

डगले मेहबूबला परत केले. एकाचं बटण गेलं, त्याने त्याचे पैसे लावले नाहीत. दिवाळीला या. सकीनाला शाळा दाखवीन.

मंदा

*

गुरुवार पेठ, पुणे
रविवार, २५ सप्टेंबर

मंदा,

हे पत्र मेहबूब आणून देईल. वाच आणि जाळ.

आम्ही पुण्यात आहोत. मी आणि सकीना. हे सुरतेतच राहिले आहेत, कारखान्याला कुलूप लावायला. सुरतेच्या प्लेगचं पेपरात तू वाचलंच असशील. आधी पुराचं पाणी घरात होतं. ते गेलं आणि चिखल राहिला. मग गुरुवारी दुपारपासून गल्लीतली माणसं बोचकी घेऊन निघायला लागली. कुणी कुणाला विचारत नव्हतं. आम्हीही निघालो.

सकीनाला बुधवारपासून ताप आहे. नीट वाच. खोकला नाही, गाठ नाही, रक्त नाही. दात वाजेपर्यंत थंडी भरते, मग ताप चढतो, मग घामाने उशी भिजते आणि उतरतो. एक दिवस आड. आमच्या डॉक्टरने पोट दाबून सांगितलं, मलेरिया, पुरानंतर अर्ध्या गल्लीला आहे. सहा गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी तोच दवाखान्याला कुलूप लावून गेला. गोळ्या काल संपल्या.

इथे तिला कुठे न्यायचं म्हटलं तर पहिला प्रश्न येणार, कुठून आलात? आणि 'सुरत' म्हटलं की मग पुढचं कुणी ऐकत नाही. संशयितांच्या खोलीत टाकतील. तिथे ज्यांना खरंच असेल त्यांच्या शेजारी. जे तिला नाही ते तिथे होईल.

तुझे दीर कर्वेनगरला डॉक्टर आहेत. त्यांना गुपचूप पाठव. बोटातून रक्ताचा एक थेंब काचेवर घ्यायचा, तपासायचा, औषध लिहून द्यायचं. एवढंच. दोनतीन दिवसांत व्हायला हवं, अंगात काही राहिलेलं नाही तिच्या.

आम्ही पोटमाळ्यावर आहोत. फळ्यांच्या फटीतून खालचं दुकान दिसतं. तुझे लाल डगले तिथेच टांगले आहेत. ताप चढला की सकीना त्यांच्याकडे बघून विचारते, अम्मी, ही माणसं जात का नाहीत?

तू येऊ नकोस. फक्त त्यांना पाठव.

हमीदा

*

सदाशिव पेठ
सोमवार, २६ सप्टेंबर, संध्याकाळ

प्रिय हमीदा,

मेहबूब खाली थांबला आहे, म्हणून घाईत. दिरांना कालच फोन केला. बुधवारी दवाखाना आटोपून येतील, काचपट्ट्या घेऊन. आधी या म्हटलं तर म्हणाले, "वहिनी, अख्ख्या कर्वेनगरला कालपासून खोकला झालाय." खरं आहे. इथे सगळं शहर तोंडाला रुमाल बांधून हिंडतं आहे. टेट्रासायक्लिन काळ्या बाजारात. आमच्या घरमालकांनी वशिल्याने एक पाकीट आणलं आणि देवाजवळ ठेवलं आहे. धीर धर. दोनच दिवस.

जाळ म्हणालीस. जाळते. पण त्याआधी एक आगाऊपणा केला आहे, रागावू नकोस. तुझं पत्र आज आठवी 'ब'ला वाचून दाखवलं.

थांब, पूर्ण ऐक. तुझं नाव, सकीनाचं नाव, मेहबूब, पेठ, माझे दीर, सगळं गाळलं. छापील पत्रसंग्रहात टिंबं देतात ना, तशी टिंबं वाचली. एवढंच म्हटलं की मुलींनो, हे पत्र शंभर वर्षांपूर्वीचं नाही, या आठवड्यातलं आहे, आणि आपल्याच शहरात कुणीतरी कुणाला तरी लपवून बसलं आहे. लाल डगल्यांचं वाक्य मात्र ठेवलं. हमीदा, ते वाक्य गाळवेना. ते गाळलं असतं तर मागे नुसता ताप राहिला असता.

पन्नास मुली, एकीनेही चुळबूळ केली नाही. असं अस्सल साधन कुठल्याच शिक्षिकेच्या हाती लागलं नसेल. आज मला वाटलं, त्यांना कळलं. लपवणाऱ्या माणसाच्या पोटात काय होतं, ते कळलं.

सकीनाला काढा दे. बुधवारी सगळं ठीक होईल.

मंदा

*

वाघोली
गुरुवार, २९ सप्टेंबर

मंदा,

तुझं पत्र मंगळवारी उजाडल्यावर वाचलं, रात्री पोटमाळ्यावर दिवा लावत नव्हतो. शेवटपर्यंत वाचून होण्याआधी मी मेहबूबला म्हटलं, टेम्पो बघ. तो म्हणाला, नावं गाळलीत ना बाईंनी. मी म्हटलं, लाल डगले पुण्यात किती दुकानांत आहेत? आणि कुठल्या दुकानाचा पोटमाळा त्या पन्नास मुली चढून आल्यात?

टेम्पो यायच्या आधी त्या आल्या. साडेअकराला, म्हणजे तुमची मधली सुट्टी. सहाजणी, शाळेच्या गणवेशात, तोंडाला रुमाल. ओळीने उभ्या राहिल्या. पुढच्या मुलीच्या हातात वही होती. तिने विचारलं, "घरात माणसं किती?" मेहबूब म्हणाला, "बाळांनो, आज दुकान बंद आहे." तिने उंबऱ्याकडे बघितलं. तिथे एकही चप्पल नव्हती. मीच आत घेतल्या होत्या. आल्या रात्रीच, सगळ्यांच्या. शंभर वर्षांची सवय आमची.

ती मागच्या मुलींना म्हणाली, "आहे इथे."

मग एकीने दारावर गेरूने गोल काढला. हे तिने फार नीट केलं. एका जागी उभं राहून, हात न उचलता. जाताना मेहबूबला "थँक यू काका" म्हणाली.

मुली गेल्या आणि गोल राहिला. गल्लीतल्या माणसांना तुझा पाठ माहीत नव्हता, पण गोल वाचता आला. अर्ध्या तासात शंभरेक जण जमले. सगळे मेहबूबच्या ओळखीचे. त्यांच्या पोरांना त्याने स्नेहसंमेलनात राजे, मावळे, कृष्ण, सगळं केलेलं. कुणी दगड आधी मारला ते दिसलं नाही. एकजण ओरडत होता की आम्ही दगड मारत नाही, फक्त दार उघडा. सकीनाला मागच्या बोळातून काढली. टेम्पोत पोशाखांच्या पेट्यांवर आडवी घातली. तिला तेव्हा थंडी भरली होती. जे हाताला लागलं ते तिच्यावर टाकलं, मखमली, जरीची, शेले. अशी निघाली.

वाघोलीला गेनबा म्हणून शेतकरी आहे, मेहबूब त्याच्या शेडात जुन्या पेट्या ठेवतो. गेनबा म्हणाला, "शेडात जागा हाय. कुटनं आलाव ते सांगू नका, मंजी कुनी इचारलं तर मला खोटं बोलाया लागनार न्हाई." त्याच्या बायकोने, तुळजाबाईने, खाट दिली. इथल्या डॉक्टरने दारातूनच, हात न लावता, टेट्रासायक्लिन लिहून दिलं. औषधवाल्याकडे ते नव्हतंच.

बुधवारी तुझे दीर गुरुवार पेठेत गेले असतील तर त्यांना कुलूप दिसलं असेल. काल संध्याकाळपासून सकीना माणसं ओळखत नाही. ताप उतरतच नाही आता. मला ती 'बाई' म्हणते.

त्यांना इथे पाठव. आज. स्कूटरवर तासाभराचा रस्ता आहे. गेनबाचा मुलगा संपत पहाटे दुधाचे कॅन घेऊन शहरात जातो, तो हे पत्र तुझ्या हातात देईल आणि त्यांना रस्ता दाखवायला थांबेल.

पुन्हा लिहिते, खोकला नाही. फक्त काचेवर रक्ताचा एक थेंब.

हमीदा

*

सदाशिव पेठ
सोमवार, ३ ऑक्टोबर

प्रिय हमीदा,

तुझं पत्र मला काल मिळालं. संपत देऊन गेला होता, पण घरात कागदांत मिसळलं आणि काल हाती लागलं. वाचून सुन्न झाले. लगेच दिरांकडे गेले. त्यांची अडचण अशी आहे की त्या दगडफेकीनंतर मेहबूबच्या पत्त्याची कुठेतरी नोंद झाली आहे. रोगी तपासला की त्यांना कळवावं लागेल, न कळवलं तर परवाना जाईल. शिवाय त्यांच्या कंपाउंडरने काम सोडलं आहे. तरी मी हट्ट धरला. ते उद्या, मंगळवारी, नक्की येतात. मलेरियाच्या गोळ्या आजच टपालाने वेगळ्या पाठवल्या आहेत, त्या सुरू कर.

आज पेपरात आहे की पुण्यात एकही खरा रोगी सापडलेला नाही. दोन दिवसांत सगळं निवळेल. सकीनाला आराम पडला असेल असं मला आतून वाटतं. तरुण रक्त आहे.

मुलींबद्दल. मी वर्गात फार कडक बोलले. त्यांना वाईट वाटलं. वर्गप्रमुख रडली. तिचं म्हणणं, आम्ही रोगी शोधला म्हणजे त्याला औषध मिळेल असं वाटलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, हमीदा. मुलंच ती. शाळेने प्रकरण वाढवायचं नाही असं ठरवलं आहे. शिक्षण खात्याला पाठवायचा अहवाल मुख्याध्यापिकांनी थांबवला आहे, माझ्या वीस वर्षांच्या नोकरीचं काय होणार कोण जाणे. पण ते आता महत्त्वाचं नाही.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. सोमवारी वाचन झाल्यावर तीच मुलगी टेबलाशी आली होती. "बाई, ते मेहबूबकाकांचंच दुकान ना?" म्हणाली. मी नाही म्हणायला हवं होतं. मी हसले. म्हटलं, अभ्यासकाने साधनाची गुप्तता पाळायची असते. मला तिच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. दुसरं काही मनात आलंच नाही, शपथ.

त्यांना मी काय सांगू? तू सांगशील ते सांगेन.

मंदा

*

वाघोली
गुरुवार, ६ ऑक्टोबर

मंदा,

तुझे दीर मंगळवारी आले नाहीत. आता येऊ नका म्हणून सांग.

सकीना शनिवारी सकाळी साडेनऊला गेली. तू पत्र लिहीत होतीस तेव्हा दोन दिवस झाले होते. गोळ्या काल आल्या. तुळजाबाईने जपून ठेवल्या आहेत, वस्तीवर कुणाला लागतील म्हणून.

शुक्रवारी मेहबूबने स्वतःच तिच्या बोटाला टाचणी टोचून काचेवर थेंब घेतला आणि शहरातल्या एका तपासणीवाल्याकडे नेऊन दिला, स्वतःच्या नावाने. सोमवारी कागद मिळाला. मलेरिया. मेंदूत गेला असणार, असं तो माणूस म्हणाला. आठ दिवस आधी साध्या गोळ्यांनी बरा झाला असता, असंही म्हणाला. मेहबूबला ठणठणीत उभा बघून त्याला आश्चर्य वाटलं.

कागदांत मिसळलं म्हणतेस. संपत शुक्रवारी सकाळी आठ वाजता तुझ्या दारात होता. त्याने पत्र तुझ्या हातात दिलं. तू उभ्याउभ्या वाचलंस आणि म्हणालीस, थांब, आले. तो पाऊण तास थांबला. मग तुमच्या घरमालकांनी दार उघडून सांगितलं, बाई शाळेत गेल्या. संपत मला म्हणाला, "त्या मागच्या दारानं गेल्या जनू." त्याचं दूध नासलं. तेही तो रागाने सांगत नव्हता.

मुलींना काय सांगू, विचारतेस. रागावू नकोस त्यांना. शिकवलं तेवढं त्यांनी केलं. त्या मुलीला मात्र एवढं कळव, की ज्याला शोधलं त्याला औषध मिळालं नाही.

कबरस्तानात मय्यत न्यायची तर आधी प्लेग नसल्याचा कागद मागतील असं मेहबूबला वाटलं, आणि कागद तेव्हा आला नव्हता. गेनबाने बांधाजवळची जागा दिली. त्याच्या भावकीतली माणसं लांब उभी राहिली, जवळ कुणी आलं नाही. मेहबूब, गेनबा आणि संपत, खांदे तीनच. चौथी बाजू मी धरली. बाईने धरायची नसते.

त्याआधी गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, द्यायचं होतं. ते बायकांनीच द्यायचं, आणि आमच्यातली बाई म्हणून इथे मी एकटी. माझ्याने एकटीने ती उचलवेना, इतकी हलकी असूनही. तुळजाबाई पदर खोचून आत आली. तिने असं कधी केलेलं नव्हतं. मी सांगत गेले. आधी उजवी बाजू, मग डावी, अंगावरचं कापड न काढता खालून हात, तीन वेळा पाणी, शेवटच्या पाण्यात कापूर. ती करत गेली. का, म्हणून एकदाही विचारलं नाही. भीती वाटत नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "वाटती की. पर पोरीला अशीच ठिवायची व्हय?"

तिने सगळ्यात एकच प्रश्न विचारला. घागरीत हात बुडवून थांबली आणि म्हणाली, "पानी कोमट करू का गारच चालंल?"

मी म्हटलं, कोमट कर.

हमीदा